कुस्ती सुटली, पोट सुटलं

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी दिवे लागल्यावर उभं राहिलं, की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक म्हणजे नुकतीच तालमीतून आलेली, कान मोडलेली, मान डोक्याइतकी रुंद असलेली पोरं. आणि दुसरी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अगदी तशीच असलेली, पण आता शर्टाची खालून दुसरी गुंडी कशीबशी लावणारी माणसं. ग्लास दोघांच्याही हातात तोच. डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध, वर बोटभर फेस.

आमच्या गल्लीतले अण्णा दुसऱ्या गटातले. त्यांचं ठाम मत, "कुस्ती सुटली की मासाची चरबी होती बघ. त्याला विलाज न्हाई."

निम्म्या कोल्हापूरचं मत हेच असेल. पण जोंधळ्याचा जसा गहू होत नाही, तशी स्नायूची चरबी होत नाही. दोन्हींच्या पेशी वेगळ्या, कामं वेगळी. होतं असं, की मेहनत थांबल्यावर स्नायू आक्रसत जातात आणि त्याच वेळी खुराक तसाच चालू राहिल्यानं जास्तीची ऊर्जा चरबीच्या पेशींत साठत जाते. दोन्ही गोष्टी एकाच अंगावर एकाच वेळी घडतात, म्हणून एकाचं दुसरं झाल्यासारखं वाटतं.

जुन्या खुराकाचा हिशेब एकदा मांडूनच बघा. म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण १०५० ते ११०० कॅलरी, ३६ ग्रॅम प्रथिनं आणि ६५ ग्रॅम स्निग्धांश. पैलवान दोन लिटर पिणार. थंडाईत १०० ग्रॅम बदाम वाटले तर आणखी ६०० कॅलरी, ५० ग्रॅम तूप घेतलं तर ४५०. भाकरी आणि मटण ताटात यायच्या आधीच तीन हजार ओलांडले. पहाटे जोर-बैठका आणि दुपारनंतर लाल मातीत लढती करणाऱ्या पोराला ते पचतं, कारण तो ते जाळतो. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या ६५ किलोच्या माणसाची गरज भारतीय पोषणतज्ज्ञांच्या कोष्टकात साधारण २१०० कॅलरी आहे, सगळं धरून. खुराकात काही चूक नव्हती. तो ज्या मेहनतीला जोडलेला होता ती गेली, एवढंच.

म्हणजे दूध-बदामानं स्नायू वाढतात ही समजूतही अर्धीच. स्नायूला वाढायचा हुकूम मिळतो तो वजनामुळे, ताणामुळे. जोर मारले, वजन उचललं, की त्या स्नायूत नवी प्रथिनं बांधण्याचा वेग पुढचे २४ ते ४८ तास वाढलेला राहतो. त्या वेळात रक्तात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या विटा, असल्या तर बांधकाम होतं. हुकूम नसताना नुसता माल येऊन पडला, तर शरीर त्याची ऊर्जा करतं आणि उरलेली साठवतं. गवंडी नसलेल्या घरासमोर विटांचा ढीग.

माल किती लागतो? बसून काम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तर फायदा सरासरी १.६ ग्रॅमच्या आसपास थांबतो. साठ किलोचा, नुकताच जिमला जायला लागलेला कॉलेजचा पोरगा घ्या. त्याला रोज साधारण ९६ ग्रॅम लागतील. आता त्याचं घरचं ताट बघू. सकाळी चहा-पोहे, ६ ग्रॅम. दुपारी दोन भाकरी, आमटी, भाजी, २० ग्रॅम. संध्याकाळी दूध, ९. रात्री भाकरी, भात, उसळ, १८. सगळे मिळून ५३.

इथं कोल्हापूरकर म्हणणार, मग रविवारचं मटण कुठं गेलं? मटण आहेच, पण आपण ओरपतो तो रस्सा. चार वाट्या पांढरा, चार वाट्या तांबडा आणि फोडी तीन. ताकद रश्श्यात उतरते ही श्रद्धा इतकी घट्ट, की आजाऱ्याला आणि पैलवानाला आधी अळणीच, म्हणजे मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, देतात. प्रत्यक्षात बहुतेक सगळी प्रथिनं फोडीतच राहतात. रश्श्यात उतरतं ते थोडं जिलेटिन नावाचं प्रथिन, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध आणि तांबड्यावरची तर्री मात्र स्निग्धांश भरपूर देतात. चव घ्या, पण मोजायच्या त्या फोडी.

भाकरीचंही एक आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, शिवाय ज्वारीची प्रथिनं पाण्यात शिजल्यावर पचायला थोडी जड होतात. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. भाकरी-पिठलं, भाकरी-आमटी या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. आजीनं हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. अडचण जोडीची नाही, प्रमाणाची आहे. आमटी पातळ असते आणि उसळ वाटीच्या तळाशी. घरात शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तर नुसता उसळीचा रस्सा. अंग दुखतं म्हणून ती गोळ्या खाते, आणि प्रथिनांचा हिशेब कुणी विचारत नाही.

त्या पोराची उणीव भरायला प्रथिनांच्या पावडरीचा डबाच आणायला हवा असं नाही. सकाळी तीन अंडी, १८ ग्रॅम. दुपारी वाटीभर घट्ट दही, ५. रात्री ५० ग्रॅम सोयावडी (कोरडी असताना मोजलेली) किंवा १२० ग्रॅम कच्चं चिकन शिजवून, २५ ते २६. झाले शंभरच्या वर. अंडी चालत नसतील तर पनीर, किंवा मूठ-दोन मूठ फुटाणे. ही प्रथिनं एकदम रात्री न कोंबता तीन-चार जेवणांत २० ते ३० ग्रॅम अशी वाटली तर बरं. आपला सकाळचा नाष्टा बहुधा कोराच असतो. मिसळीत मटकी असते, पण तिच्यापेक्षा फरसाण आणि कट जास्त, आणि टेबलचमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी.

डब्यातली पावडर म्हणजे तरी काय? दूध फाडल्यावर उरणारी निवळी, गाळून सुकवलेली. ती वाईट नाही, महाग आहे. शेंगदाण्यात बदामाइतकी, किंबहुना थोडी जास्तच प्रथिनं असतात, तरी शेंगदाण्याला कुणी ताकदीचा माल म्हणत नाही. फक्त त्यात निम्मा स्निग्धांश आहे. वजन वाढवणाऱ्याला तो चालतो, उतरवणाऱ्यानं मूठ मोजावी. वजन वाढवणाऱ्यानंही गरजेपेक्षा दोन-तीनशे कॅलरीच जास्त घ्याव्यात. हजारभर घेतल्या तर स्नायू चौपट वेगानं वाढत नाहीत, जास्तीचा भाग पोटावर जातो.

अण्णांचं गणित उलट्या बाजूचं. एक किलो शरीरचरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ५०० कमी केल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या जरा आत-बाहेर. चार कप चहातली दोन-दोन चमचे साखर, १६०. दुधाचा ग्लास अर्धा केला, १३५. फरसाण आणि तेलाच्या वाटणीत उरलेले. उपाशी राहायची गरज नाही, पण प्रथिनं कमी करायची नाहीत, उलट वाढवायची. ऊर्जेची ओढ लागली की शरीर स्नायूही मोडून खातं, आणि ते थोपवायला प्रथिनं नि थोड्या बैठका दोन्ही लागतात. शिवाय प्रथिनं पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग खर्च होतो, तेला-तुपाचा जेमतेम ३ टक्के. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे आकडे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हात घालू नये.

"आन ही चरबी जाती कुठं? घामातनं?" अण्णांनी विचारलं. नाही, श्वासातून. दहा किलो चरबी जळाली तर तिचे सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकावाटे जातात आणि १.६ किलो पाणी होतं. अण्णांना हे काही पटलं नाही. पोटाला पट्टा बांधून घाम काढायचा त्यांचा बेत होता. पट्ट्यानं पाणी जातं, आणि ग्लासभर पाणी प्यालं की परत येतं.

भाकरी-भात बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, त्यातलंही बहुतेक पाणीच. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीतल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं. ग्लायकोजेन संपलं की पाणीही जातं. रविवारच्या रश्श्यानंतर सोमवारी काटा किलोभर वर, तेही मीठ आणि पाणी.

म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण भारतीय किरकोळ दिसत असूनही आतून चरबी बाळगतो, ते असं. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढं कंबर गेली, की काटा काहीही म्हणो, सावध व्हावं.

अण्णांची कंबर १०४ भरली. अडीच महिन्यांत ती ९९ वर आली आहे. कट्ट्यावर ते अजून येतात आणि ग्लास पुराच घेतात. अर्धा ग्लास हातात धरून तालमीतल्या पोरांसमोर उभं राहायची त्यांना लाज वाटते. निम्मा पितात आणि उरलेला, न विचारता, शेजारच्या पोराच्या ग्लासात ओततात.