मराठवाड्यातले जुने तंबोरे आले कुठनं

लातूर, अंबाजोगाई, परभणीकडं जुन्या वाड्यांत अजून तंबोरे निघतात, कुणाच्या पणजोबांचा, कुणाच्या आत्याचा, गवसणीत घालून माळ्यावर ठेवलेला. बघितल्या बघितल्या लोक किंमत विचारतात. माझ्याकडं पण एक आहे, रोज सकाळी लावून त्यावर गातो, आणि खरं सांगायचं तर मला किमतीपेक्षा तो इथवर आला कसा हे लई महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडचे बहुतेक जुने तंबोरे मिरजेचे. तिथं शिकलगार मंडळी तलवारी-भाले घासून धार लावायची, पुढं इंग्रजी अमलात हत्यारांचं काम आटत गेलं, आणि 1850 च्या सुमारास त्यातल्याच फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं वाद्यं दुरुस्त करायला आणि मग नवी घडवायला घेतली. लोक सितारमेकर म्हणू लागले, तेच आडनाव झालं. पुढं थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले (1937 ला गेले), त्यांच्यासारख्या कानाच्या माणसाला आवडेल असा सूर लावून द्यायचा म्हणजे कारागिराचा पण कान तसाच लागतो, मिरजेचं नाव उगाच नाही झालं.

भोपळा मात्र मिरजेतला नसतो, तो भीमाकाठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. हा कडू भोपळा, खायचा नाही. जाड सालीचा, वेलावरच पक्का होऊ द्यायचा, मग महिनोन्महिने वाळवायचा, कापायचा आणि त्यावर लाकडाची तबली, म्हणजे तोंडावरचं झाकण, आणि पोकळ दांडी बसवायची. साल जितकी सारखी जाड तितका सूर भरीव.

आता आपला संबंध. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज, 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरज जोडली गेली. म्हणजे जिथं तंबोरा बनतो ते गाव, जिथं भोपळा पिकतो तो मुलूख आणि आमचं लातूर, सगळं एकाच छोट्या रुळावर आलं. त्याआधी रेल्वेनं आणायचं तर पुण्याचा वळसा. आणि लातूर तेव्हा, सप्टेंबर 1948 पर्यंत, निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांकडं, त्यामुळं हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. मला वाटतं इथल्या घरातल्या तंबोऱ्यांचा इतिहास या रुळाशिवाय सांगताच येणार नाही.

देवळातल्या वीणेचं नशीब त्या मानानं चांगलं. आमच्याकडं गावोगाव सप्ताह होतात, सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारा बदलला की एका वीणेकऱ्याच्या गळ्यातनं दुसऱ्याच्या गळ्यात, त्यामुळं जुनी वीणा सुद्धा वाजती राहते. घरातल्या तंबोऱ्याला असा नेम कोण लावणार. 1979 ला राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला, नंतर मोबाईलमधे ॲप आलं, आणि भोपळा माळ्यावर गेला.

जुन्या वाद्याचं सगळं मर्म घोडीत, म्हणजे तबलीवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीत असतं. घोडीची वरची बाजू हलका उतार देऊन घासलेली असते, तार तिला अगदी चाटून जाते, मधे जवारीचा सुती दोरा केसभर पुढं-मागं सरकवला की एकदम सूर उघडतो, पंचम, दोन जोडीच्या तारा, मग पितळी खर्ज, असा गुंजारव सुटतो की खोली भरून जाते. वर्षानुवर्षं वाजवून घोडीवर तारेच्या घळी पडतात आणि आवाज बसतो, बिचारा तंबोरा बाद झाला म्हणून लोक टाकून देतात. त्याला फक्त जवारी काढून, म्हणजे घोडीचा उतार परत नीट घासून, पाहिजे असते, आणि त्यासाठी आपल्याकडनं अजून मिरजच गाठावी लागते. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, फार बरं वाटलं.

जुन्या तंबोऱ्यांच्या घोड्या, पट्ट्या कधी हस्तिदंताच्या, कधी सांबरशिंगाच्या असतात. 1972 चा वन्यजीव कायदा आणि नंतरच्या दुरुस्त्या यामुळं त्याचा व्यापार बंद आहे, म्हणून विकायचा विचार असेल तर आधी ते तपासा. शंभर वर्षं झालेलं वाद्य तर पुरावस्तूत मोडतं, ते परदेशी नातेवाईकाला पाठवता येत नाही. आणि घोडी बदलायचीच झाली तर जुनी कारागिराकडं सोडून येऊ नका, मागून घ्या, नवी घासताना तोच उतार नमुना म्हणून कामाला येतो.