कॉलेजची फी भरण्याआधी: शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाचे माहितीपत्रक
(बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील विद्यार्थी आणि पालकांसाठी)

पालकहो,

पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) निकाल लागला की आमच्या केंद्रात पहिला प्रश्न येतो तो कर्जाचा. "बँकेचा फॉर्म भरून द्या, ॲडमिशनची तारीख जवळ आलीय." फॉर्म आम्ही भरून देतो, ते आमचे कामच आहे. पण त्याआधी पंधरा मिनिटे बसा, असा आमचा आग्रह असतो. जी रक्कम शिष्यवृत्तीतून मिळू शकते, तिच्यावर बँकेला व्याज का द्यायचे? म्हणून या पत्रकात कर्ज शेवटी ठेवले आहे.

सगळ्यात आधी नाव

आपल्या भागात शिष्यवृत्ती अडते ती बहुतेक वेळा नावावर. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, दाखल्यावर नाव मराठीतून चढलेले. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर ते इंग्रजीत, आडनावाच्या जागी नुसते अक्षर. नाडकचेरीतला (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतला) जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये. आधार कार्ड कुठल्यातरी शिबिरात घाईत काढलेले. एकच मुलगा एका कागदावर परशराम, दुसऱ्यावर परशुराम आणि तिसऱ्यावर परसराम होतो. घरच्यांना त्यात काही वाटत नाही, कारण हाक मारताना सगळे एकच. संगणकाला मात्र ती तीन वेगळी माणसे दिसतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका मुलीचा अर्ज केवळ एका अक्षराच्या फरकाने परत आला. दुरुस्ती होईपर्यंत मुदत संपली आणि त्या वर्षाचे पैसे गेले. तेव्हापासून आम्ही अर्जाला हात लावण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडतो. हे काम मे महिन्यातच करा. मार्क्स कार्ड प्रमाण मानून आधार कार्ड दुरुस्त करणे सहसा सोपे जाते. उलट करायला गेलात तर शाळा, बोर्ड असे खेटे घालावे लागतात.

दुसरी अडचण बँक खात्याची. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या आधारला जोडलेल्या खात्यात जमा होते. पासबुकावर आधार नंबर लिहिलेला असणे वेगळे आणि सरकारी रक्कम उतरण्यासाठी खाते आधारशी संलग्न असणे वेगळे. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी (सरकारी रक्कम थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग झाले आहे का?" असे विचारा. एका आधारवर दोन-तीन खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मग घरचे वेगळेच पासबुक घेऊन वाट बघत बसतात.

कर्नाटक सरकारच्या शिष्यवृत्त्या

दहावीनंतरच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज राज्याच्या एकाच पोर्टलवर होतो, त्याला सगळे एसएसपी (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) म्हणतात. नाडकचेरीच्या दाखल्यावरचा 'आरडी' ने सुरू होणारा नंबर टाकला की जात आणि उत्पन्न तिथेच तपासले जाते. दाखल्याची झेरॉक्स पुसट असली तरी चालेल, तो नंबर मात्र नीट वाचता आला पाहिजे.

अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेची उत्पन्न मर्यादा वर्षाला २.५ लाख रुपये आहे. मागासवर्गीयांमध्ये प्रवर्गानुसार मर्यादा बदलते. मराठा समाज कर्नाटकात ३-ब प्रवर्गात येतो. महाराष्ट्रातल्या नातेवाइकाला कुठला दाखला मिळाला यावरून इथला अंदाज बांधू नका, दोन्हीकडच्या याद्या वेगळ्या आहेत.

बीसीएम (मागासवर्ग कल्याण खात्याच्या) हॉस्टेलला अर्ज करून जागा मिळाली नाही, तर 'विद्यासिरी' योजनेचा विचार करा. जेवणाखाण्यासाठी आणि राहण्यासाठी महिना १,५०० रुपयांप्रमाणे १० महिने, म्हणजे वर्षाला १५,००० रुपये. हॉस्टेलचा अर्जच न भरता खोली घेऊन राहणारी मुले इथे चुकतात.

एक गैरसमज वारंवार दिसतो, म्हणून स्पष्ट लिहितो. "आपण मराठी, म्हणजे अल्पसंख्याक, म्हणजे अल्पसंख्याक शिष्यवृत्ती मिळणार," असे सांगत लोक येतात. भाषिक अल्पसंख्याक असणे आणि त्या शिष्यवृत्तीला पात्र असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ती धार्मिक अल्पसंख्याकांसाठी आहे. निपाणी-चिकोडीकडच्या जैन कुटुंबांनी मात्र ती जरूर पाहावी. पात्र असूनही अर्ज न केलेली कितीतरी घरे आम्हाला भेटतात.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठीची 'रैत विद्यानिधी' २०२१ साली सुरू झाली. तेव्हा बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांना ५,००० आणि मुलींना ५,५०० रुपये, तर एमबीबीएस, इंजिनिअरिंग आणि पदव्युत्तरसाठी १०,००० आणि ११,००० असे दर होते. त्यासाठी पालकाच्या नावाचा शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि त्यासाठी उतारा पालकाच्या नावावर हवा. खानापूर तालुक्यात तर जमीन अजून आजोबांच्याच नावावर असलेली घरे भरपूर आहेत. वारसा नोंद रखडली असेल तर ती करून घ्या, तिचा उपयोग इतर ठिकाणीही होईल. या योजनेचे यंदाचे दर आम्ही पोर्टलवर पाहूनच सांगू. फीचा सगळा हिशेब तिच्यावर बांधू नका.

केंद्राच्या योजना

निपाणी परिसरातल्या विडी कामगार आई-बहिणींनी हा भाग कुणाकडून तरी वाचून घ्यावा, अशी आमची मनापासून विनंती आहे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. अकरावी-बारावीला ३,०००, पदवी, आयटीआय आणि पॉलिटेक्निकला ६,०००, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला २५,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर होतो. विडी कामगाराचे ओळखपत्र लागते. ते ट्रंकेत ठेवून विसरला असाल तर आजच शोधा.

त्याच पोर्टलवर हुशार मुलांसाठी आणखी एक योजना आहे. बारावीला बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असाल आणि कुटुंबाचे उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षी मिळाले आणि दुसऱ्या वर्षी अर्जच केला नाही, असे होऊ देऊ नका.

इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाला जाणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तेवढ्याच रकमेची 'सक्षम'. शिवाय इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी ट्यूशन फी माफ असलेल्या जादा जागा असतात, सीईटीच्या (प्रवेश परीक्षेच्या) वेळी त्याला एसएनक्यू म्हणतात. तो दावा अर्जातच करायचा असतो, नंतर आठवून उपयोग होत नाही.

अझीम प्रेमजी शिष्यवृत्तीत मुलींना वर्षाला ३०,००० रुपये मिळतात. पण दहावी आणि बारावी दोन्ही सरकारी शाळा-कॉलेजातून झालेली हवी. आपल्याकडची बरीचशी मराठी हायस्कुले संस्थांची, अनुदानित आहेत. शाळा कुठल्या प्रकारची, ते मुख्याध्यापकांना विचारूनच या.

कोल्हापूर-पुण्याला जायचे असेल तर

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार आहे. गाव ८६५ गावांच्या (महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातल्या गावांच्या) यादीत असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. फी आणि खोलीभाडे एका बाजूला, इथली शिष्यवृत्ती आणि घरून जाणे-येणे दुसऱ्या बाजूला, असा हिशेब लिहून काढा. मुलींना कर्नाटकात 'शक्ती' योजनेमुळे एसटीचे तिकीट लागत नाही, तेही त्यात धरा.

आणि मग कर्ज

बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ७.५ लाखांपर्यंत जामीनदार मागतात आणि त्याहून जास्त कर्जाला तारण. पालक सहकर्जदार असतात. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही नाहीत. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. ४.५ लाखांच्या आतल्या कुटुंबांना तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणासाठी हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळातले पूर्ण व्याज केंद्र भरते. आपले कॉलेज यादीत आणि नॅक-एनबीएच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांच्या) निकषात बसते का, ते सही करण्याआधी पाहू.

हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असे समजू नका. चार वर्षे दरवर्षी १ लाख उचलले आणि व्याज १० टक्के सरळ धरले, तर शेवटच्या वर्षानंतरचे एक वर्ष धरून १,४०,००० रुपये व्याज होते. हप्ता मग ५,४०,००० वर बसतो. दहा वर्षांच्या मुदतीत तो महिना साधारण ७,१०० येतो. तेच व्याज पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी २०,००० असे भरत गेलात तर हप्ता ४ लाखांवर, सुमारे ५,३०० रुपयांचा. शिवाय काही बँका असे भरणाऱ्यांना व्याजात १ टक्का सूट देतात. मॅनेजरना आठवणीने विचारा.

आमच्याकडे येताना

विद्यार्थ्याने स्वतः यावे, आधारला जोडलेला मोबाइल सोबत ठेवावा. आधार, मार्क्स कार्ड, आरडी नंबरचे दाखले, पासबुक, फीची पावती आणि असल्यास उतारा किंवा कामगार कार्ड, मूळ प्रती आणाव्यात. ओटीपी विद्यार्थ्यानेच टाकायचा, आम्हालाही सांगायचा नाही. "शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. आमचे शुल्क फलकावर लावलेले आहे, मिळालेल्या शिष्यवृत्तीतून आम्ही टक्का घेत नाही. अर्जाची पोचपावती घेतल्याशिवाय जाऊ नका आणि पंधरा दिवसांनी ती घेऊन एकदा परत या. अर्ज कॉलेजकडून पुढे गेला का, ते आम्ही विनामूल्य पाहून देतो.