आदिवासी कला, समकालीन (नाशिक परिसर)

आदिवासी समाजातल्या चित्रकारांनी व मुखवटे करणाऱ्या कारागिरांनी साधारणपणे १९७० नंतर घराच्या भिंतीवरून आणि गावच्या उत्सवातून बाहेर आणलेली कला. त्यातही तिचा तो भाग, जो इंग्रजी अमलात आदिवासींविषयी लिहिल्या गेलेल्या इतिहासाला आणि त्यातून चिकटलेल्या ओळखीला उलट प्रश्न करतो. या नोंदीचा भर नाशिक जिल्ह्यावर आणि त्याला लागून असलेल्या पालघरच्या डोंगरपट्ट्यावर आहे. सुरगाणा, पेठ, हरसूल इकडचे आणि जव्हार, मोखाडा, डहाणू तिकडचे, ही वाटणी महसुली कागदावरची. सोयरीक, आठवडे बाजार आणि बोहाडा (मुखवट्यांचा उत्सव) यांनी ती कधी फारशी मनावर घेतलेली नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यातली सुमारे चौथाई लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे : कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली, ठाकूर, काथोडी. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालयही नाशकातच आहे. तरी ‘नाशिकची कला’ म्हटले की लोकांना पांडवलेणी आणि येवल्याची पैठणी आठवते. पेठ-सुरगाण्याचा माणूस त्या यादीत येतो तो ‘लोककला’ या वेगळ्या कप्प्यात.

शब्दांचा प्रश्न

राज्यघटनेतला शब्द ‘अनुसूचित जमाती’. ‘आदिवासी’ हा चळवळींनी आपला मानलेला शब्द. ‘वनवासी’ या शब्दाला अनेक आदिवासी संघटनांचा विरोध आहे, कारण त्यात राहण्याची जागा तेवढी उरते आणि ‘आम्ही आधीचे’ हा दावा गळून पडतो. कलेच्या चर्चेत हा वाद बाजूला ठेवता येत नाही. चित्राखालच्या पाटीवर कोणता शब्द लिहायचा, इथूनच प्रश्न सुरू होतो.

दुसरा पेच वसाहतवादाचा. ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडात बाहेरून आलेले लोक तिथेच राहिले. इथून इंग्रज गेले, पण त्यांचे जंगलखाते राहिले. १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. त्यामुळे या पट्ट्यात ‘वसाहतीचा इतिहास’ ही आजोबांची गोष्ट नसून सातबाऱ्याची आणि वनहक्क दाव्याच्या फायलीची गोष्ट आहे.

साहेबाने लिहिलेले

१८८३ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा, म्हणजे नाशिकचा, खंड निघाला. डोंगर, पिके, किल्ले, बाजार यांच्या बाबतीत तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच पानांत जातीजमातींचे वर्णन बैलांच्या जाती सांगाव्यात तशा सुरात येते : रंग, बांधा, स्वभाव, दारू, चोरी. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांत छायाचित्रे छापली गेली, तीही याच पद्धतीने. माणूस समोर उभा, खाली जमातीचे नाव, शेजारी तिच्या गुणदोषांचा परिच्छेद. व्यक्तीचे नाव बहुधा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्ह्याचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले.

जंगलाची गोष्ट याला जोडूनच येते. १८७८ च्या वन कायद्याने सरकारला राखीव जंगले आखता आली. भात-नागलीच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणे, म्हणजे राब, ही या डोंगरातली शेतीची पहिली पायरी. तीच आता परवानगीची किंवा दंडाची बाब झाली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस कागदावर ‘अतिक्रमणदार’ ठरला. हा शब्द सरकारी पत्रव्यवहारात अजून जिवंत आहे.

विरोध झाला नाही असे नाही. अकोले तालुक्यातल्या देवगावचे महादेव कोळी राघोजी भांगरे यांनी नाशिक-नगरच्या डोंगरात सावकार आणि सरकार दोघांनाही जेरीस आणले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. १८५७ मध्ये भागोजी नाईक यांच्या भिल्लांनी नांदूर-शिंगोट्याजवळ लेफ्टनंट हेन्रीच्या तुकडीला गाठले, त्यात हेन्री मारला गेला. भागोजी १८५९ मध्ये सिन्नर भागात लढताना पडले. इंग्रजी दफ्तरात हे सगळे ‘दंगा’ आणि ‘लूट’ या सदरात जमा आहे.

चौक लिहिणे

वारली माणूस लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चौकोनी चित्र, ‘काढत’ नाही, ‘लिहितो’. खरे तर लिहिते, कारण हा मान सवाशिणींचा. कुडाची भिंत शेणाने सारवून तिच्यावर गेरू फिरवतात. भिजवलेले तांदूळ वाटून पांढरे पाणी करतात आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून तिची लेखणी होते. मधोमध पालघट ही सुफलतेची देवी, भोवती चौकटीच्या नक्षीच्या पट्ट्या, बाहेर झाडे, माणसे, तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य धरलेला वादक आणि त्याच्याभोवती फिरणारा नाच. धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी बाई, गाणी म्हणते. तिच्या गाण्याशिवाय नुसती भिंत रंगली तर ते लग्न लागत नाही. गाण्यातली देवी आणि भिंतीवरची देवी मिळून मजकूर पुरा होतो.

जुन्या मराठीतही चित्र ‘लिहीत’ असत, तेव्हा शब्दाचे फार कौतुक करायला नको. पण ज्या समाजाला ‘निरक्षर, म्हणून इतिहास नाही’ असे सांगितले गेले, त्याच्या घरात लग्नागणिक लिहिणे चालू होते, एवढे तरी या क्रियापदातून लक्षात यावे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विणकर सेवा केंद्राचे चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले आणि त्यांनी कागद व रंग दिले. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी चौकाची चौकट सोडून शेत, मासेमारी, मुंग्यांचे वारूळ, पाऊस असे विषय कागदावर घेतले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली, १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसिएं द ला तेर’ या प्रदर्शनात ते होते, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढ्या प्रवासात एक गोष्ट उलटी झाली : बायकांचे लिहिणे पुरुषांची चित्रकला झाले. मशे यांच्या कामाची थोरवी त्याने उणी होत नाही. पण ‘वारली कलेचा विकास’ या मथळ्याखाली हा फेरबदल एका ओळीत उरकला जातो, ते बरोबर नाही.

आणखी एक सवय सोडायला हवी. माहितीपत्रके वारली चित्रांना बिनदिक्कत हजारो वर्षे जुनी ठरवतात. कुडाच्या भिंतीवरचे तांदळाचे पाणी काही पावसाळे टिकते. त्यावरून एवढा काळ सिद्ध होत नाही. ‘पुरातन, निरागस, काळाबाहेरचे’ हे कौतुक म्हणजे गॅझेटियरच्या ‘मागासलेले’ या शेऱ्याचाच गोड अवतार आहे. दोन्हींत आदिवासी माणसाला आजचा दिवस नाकारलेला असतो.

छायाचित्रावर लिहिणे

या प्रश्नाला सर्वांत नेमके भिडणारे काम गंजाडचेच राजेश वांगड यांचे आहे. छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर २०१३ पासून त्यांनी ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका केली. गिल यांनी वांगड यांचे त्यांच्या परिसरातले कृष्णधवल छायाचित्र काढायचे. मग वांगड यांनी त्या छापावर काळ्या शाईने वारली आकृत्या भरायच्या. कॅमेऱ्याला दिसतो उजाड माळ, एखादे झाड, त्यासमोर उभा किंवा बसलेला माणूस. वांगड त्या रिकाम्या आभाळात आणि जमिनीत जे लिहितात ते कॅमेऱ्याला दिसलेले नसते : तिथे पूर्वी असलेले जंगल, देवांच्या गोष्टी, लागलेल्या आगी, दंगे, येऊन गेलेली माणसे. जवळून पाहिले तर आकृत्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. दुरून त्या फोटोचा कणीदारपणाच वाटतात.

इथे ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या छापील पानाची आठवण यावी. तिथे फोटोतल्या माणसाविषयीचा मजकूर साहेबाचा होता. इथे फोटोतलाच माणूस मजकूर लिहितो, आणि सही दोघांची असते. कॅमेरा अजूनही शहरातून आलेल्या व्यक्तीच्या हातात आहे, हा आक्षेप राहतोच. तो या कामाने लपवलेला नाही.

सोंगे

बोहाडा (काही ठिकाणी भोवाडा) हा उन्हाळ्यातला रात्रीचा उत्सव. गणपती, सरस्वती, नरसिंह, त्राटिका, रावण अशी सोंगे संबळ-सनईच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात एकेक करून गावातून नाचत येतात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे याचे मान ठरलेले असतात. रामायणातली पात्रे असूनही हा कोण्या शहरी रामलीलेचा धाकटा भाऊ नाही. देवाइतकाच मान राक्षसाच्या सोंगाला मिळतो. त्याच्यापुढेही नारळ फुटतो.

जव्हारचे सुभाष धर्मा कडू आणि भगवान धर्मा कडू हे कोकणा समाजातले मुखवटेकार भाऊ. २०१५ पासून गिल यांच्या ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ या मालिकेसाठी त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी देवांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे केले : म्हातारी माणसे, आजारी माणूस, पक्षी-प्राणी, घरातल्या वस्तू. गावातलीच माणसे ते घालून घरात, दुकानात, रस्त्यावर रोजची कामे करताना उभी राहिली. २०१७ च्या ‘डॉक्युमेंटा १४’ या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात हे काम दाखवले गेले. यात गंमत आहे, आणि एक डावही आहे. जमातीचा ‘नमुना’ म्हणून चेहरा पाहायला सोकावलेल्या नजरेला इथे चेहराच मिळत नाही. दिसतो तो कोणी काय दाखवायचे हे स्वतः ठरवलेला मुखवटा.

इतरत्र

जगभर मूलनिवासी कलावंतांनी हेच प्रश्न आपापल्या परीने मांडले आहेत. कॅलिफोर्नियाचे जेम्स लूना १९८७ मध्ये सॅन दिएगोच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत स्वतःच वस्तू होऊन झोपले. २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकी कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियाचे आर्ची मूर यांनी दालनाच्या काळ्या भिंतींवर पांढऱ्या खडूने आपली वंशावळ लिहिली, हजारो वर्षे मागे जाणारी, आणि ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय दालनाचा सुवर्णसिंह मिळाला. खडू पुसला जातो, तसे तांदळाचे पाणीही. साम्य एवढेच, मूर यांच्यामागे ऑस्ट्रेलियाचा इतिहास आहे, तो सुरगाण्याला लावू नये.

नाशिकचा रस्ता

नाशकात हा विषय कलादालनापेक्षा रस्त्यावर जास्त दिसतो. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मिरवणुकांत तारपा आणि पावरी ही फुंकवाद्ये वाजतात आणि फलकांवर बिरसा मुंडा, तंट्या भिल्ल यांच्या शेजारी राघोजी भांगरे असतात. राघोजींचा तो चेहरा कल्पनेतून घडलेला आहे. फेटा, पिळदार मिशी, रोखलेली नजर असे रूप आता इतके रुळले आहे की त्याला कोणी हरकत घेत नाही. कॅलेंडर-शैलीतले हे चित्रण समीक्षकांच्या खिजगणतीत नसते. पण ज्याची दफ्तरात ‘लुटारू’ एवढीच नोंद, त्याला तोंडावळा देणे हे इतिहासावरचे भाष्यच आहे, मग रंग कितीही भडक असोत.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला किसान लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचला. चालणाऱ्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि मुख्य मागण्यांत २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी होती. लाल टोप्यांची रांग आणि फोड आलेले, सोललेले तळपाय या मोर्चाच्या छायाचित्रांतून देशभर पोहोचले.

हक्क आणि बाजार

वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरी साड्या, कप, रिसॉर्टच्या भिंती यांवर नाचणाऱ्या त्रिकोणी माणसांपैकी बहुतेकांचा कोणत्याही वारली घराशी संबंध नसतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की झाले, अशी समजूत शाळेच्या चित्रकलेच्या तासापासूनच होते. मानांकन नावाचे रक्षण करते. पालघटीभोवती कोणत्या पट्ट्या कोणत्या क्रमाने येतात, हे ज्या बायकांना ठाऊक आहे त्यांचे नाव त्यात कुठे बसत नाही. पाड्यांवर घरकुले उभी राहिली तशा कुडाच्या भिंती कमी होत गेल्या. सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावर शेणाचा सारवा नीट धरत नाही आणि तांदळाचे पाणी ओघळते.