उष्मानिवारण, ठाणे परिसरातील

ठाणे खाडीच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे ठाणे शहर व नवी मुंबईत, मार्चपासून पाऊस लागेपर्यंतचा उकाडा सुसह्य करण्यासाठी रूढ असलेले घरबांधणीचे, खाण्यापिण्याचे व कामाच्या वेळांचे उपाय. विदर्भातील वा देशावरील उपायांबरोबर त्यांची सरसकट मांडणी केली जाते, ती योग्य नाही. तेथील उन्हाळा कोरडा, येथील दमट. कोरड्या हवेत पाणी गारवा देते. दमट हवेत तो वाऱ्याकडून मिळवावा लागतो.

मुंबई परिसरात एप्रिल-मे महिन्यांचे सरासरी कमाल तापमान ३३ अंश से.च्या आसपास असते. मात्र सर्वाधिक तापमाने मेमध्ये नव्हे, तर बहुधा मार्च-एप्रिलमध्ये नोंदली जातात. सांताक्रूझ येथील ४२.२ अंश से. ही उच्चांकी नोंद १४ एप्रिल १९५२ ची आहे. या काळात पूर्वेकडून जमिनीवरचे वारे जोर धरतात आणि खारे वारे उशिरा सुटतात. ठाण्याच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर असल्याने खाऱ्या वाऱ्याला ते ओलांडून किंवा वळसा घालून यावे लागते. शहर किनाऱ्यापेक्षा अधिक तापते, त्याचे हे एक कारण दिसते.

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार किनारी केंद्रावर कमाल तापमान ३७ अंश से. किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असल्यास उष्णतेची लाट मानतात. या निकषात आर्द्रता धरलेली नाही. शरीराच्या दृष्टीने ओल्या फुग्याच्या तापमापकाचे (म्हणजे फुग्याभोवती ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकाचे) तापमान अधिक महत्त्वाचे, कारण घाम वाळेल की नाही हे त्यावरून कळते. ते ३५ अंश से.ला पोहोचल्यास निरोगी माणूसही तग धरू शकत नाही, असा सिद्धांत २०१० पासून प्रचलित आहे. पुढे तरुण, निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगांत दमट हवेतील मर्यादा ३१ अंशांच्या आसपास आढळली. मोजमापावर आधारलेले हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

खोली गार ठेवण्यासाठी लावल्या जाणाऱ्या वाळ्याच्या (सुगंधी मुळांच्या गवताच्या) ओल्या पडद्यांच्या उगमाविषयी एकमत नाही. अकबराने बांबूच्या सांगाड्यात वाळा भरून, त्यावर पाणी शिंपडून गार राहणाऱ्या कुट्या बांधविल्या, असे आईन-इ-अकबरीत म्हटले आहे. त्यावरून ही प्रथा मोगलकालीन मानली जाते. वाळा दाहशामक म्हणून त्याहून पुष्कळ आधी परिचित होता. कालिदासाच्या शाकुंतलात तापलेल्या शकुंतलेसाठी उशीराचा म्हणजे वाळ्याचाच लेप नेला जातो. वनस्पतीचा उपयोग प्राचीन व पडद्याची योजना उत्तरेकडील दरबारी, असे मानणे अधिक सयुक्तिक. ठाण्याच्या दमट हवेत असा पडदा फारसा उपयोगी नाही. आजच्या कूलरचेही तेच. नागपुरात तो घरोघरी असतो, येथे त्याने घरातला दमटपणाच वाढतो. माठातले पाणीही येथे तितके गार होत नाही.

येथील जुन्या घरांची रचना वाऱ्यासाठी होती. वारली घरांच्या कारवीच्या, शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती फारशा तापत नाहीत. नळीच्या कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यानंतर मंगलोरी कौले कोकणपट्टीत पसरली. स्लॅबची घरे मात्र दिवसभर साठवलेली उष्णता रात्री आत सोडतात, आणि रात्रीची विश्रांती गेली की दुसऱ्या दिवशीचे ऊन शरीराला पेलत नाही. वरच्या मजल्यावरील व पत्र्याच्या घरांतील वृद्धांचे हाल सर्वाधिक होतात. नवी मुंबईत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडको या शहर वसविणाऱ्या महामंडळासाठी आखलेल्या बेलापूरच्या वसाहतीत सात-सात घरे सुमारे ८ मी. लांबी-रुंदीच्या सामाईक अंगणाभोवती मांडली. घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या नसल्याने वारा खेळतो. ही योजना अनुकरणीय होती. पुढील इमारतींनी ती उचलली नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्कार सोहळ्यासाठी उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. पारा चाळिशीच्या आतच होता. किनारी भागात केवळ पाऱ्यावर विसंबणे किती घातक ठरते, हे या दुर्घटनेतून दिसले. डोक्यावर सावली असती, तर यातील बरेच जीव वाचू शकले असते.

खाण्यापिण्यात कोकम सरबत, पन्हे, सब्जा, ताडगोळे व पेज सर्वपरिचित आहेत. नीरा लवकर आंबत असल्याने सकाळीच प्यावी लागते. उपनगरी रेल्वे स्थानकांवर अनेक वर्षे तिची केंद्रे होती. मिठागरांचा हंगाम याच कडक उन्हात येतो, त्यामुळे तेथील अवजड कामे पहाटे व दुपार कलल्यावर उरकणे हिताचे असते.