मल्या दगड सोडत का नाही?

डिसेंबर लागला की बेळगावहून मालवण-तारकर्लीला गाड्या भरून माणसं जातात. मास्क लावून समुद्रात डोकं घालायचं, रंगीत मासे बघायचे, फोटो काढायचे. छानच असतं ते. पण चोर्ला घाटातून गोव्याकडे निघालेल्या गाड्या जांबोटी, कणकुंबी ओलांडताना ज्या मोऱ्यांवरून जातात, त्यांच्या खालच्या ओढ्यांत काय आहे हे वाकून बघायला कुणी थांबत नाही. ‘ओढ्यात काय असणार, मोठ्या माशांची पिल्लं!’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकलंय आणि लग्नाच्या पंगतीतही. ती पिल्लं नाहीत. बोटाएवढी लांबी हीच त्यातल्या कित्येकांची पूर्ण वाढ असते, आणि पिढ्यान् पिढ्या ते त्याच खळाळत्या पाण्यात जगत आलेत. मल्या हाही असाच ओढ्यातला एक मासा. हे तोंडाने सांगून पटत नाही, म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही अकरा जण, त्यात आमच्या शाळेची सहा मुलं, मास्क आणि स्नॉर्केल घेऊन मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओढ्यात उतरलो. ओढा कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की तिथे मास्कच्या आधी मासे मारायची ब्लीचिंग पावडर पोचते, हे मी पाहिलेलं आहे.

मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावते, पूर्वेकडे खानापूरवरून पुढे कूडलसंगमाला कृष्णेत जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगराच्या दुसऱ्या उतारावरचं पाणी म्हादईतून गोव्यात आणि अरबी समुद्रात जातं. कणकुंबीच्या एखाद्या घराच्या कौलांवर पडलेला पाऊस पागोळीगणिक दोन समुद्रांत वाटला जात असेल. माशांना मात्र ती डोंगरधार ओलांडता येत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या ओढ्यांत मासे सारखे दिसले तरी ते एकच असतील असं धरून चालता येत नाही.

पाणी गुडघ्याएवढं होतं. एवढ्या पाण्यात पोहायचं नसतं. पोटावर आडवं व्हायचं, दोन्ही हातांनी एखादा गोटा धरायचा, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि गप्प पडून राहायचं. पहिली पाच मिनिटं काहीही दिसत नाही. मग दिसायला लागतं. मधल्या पाण्यात दांडवणींचा थवा, अंगावर काळी रेघ ओढलेला, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. वाळूवर पट्टेरी मुरंगी. एका कपारीतून वामचं टोकदार नाक तेवढं बाहेर आलेलं.

मास्क कशाला लागतो, हे मुलांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचं दोन तृतीयांश काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो, आणि तो हे करू शकतो ते त्याच्यापुढे हवा असते म्हणून. पुढे पाणी आलं की त्याची ताकद जवळजवळ संपते आणि सगळं धूसर होतं. मास्क डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा परत आणून ठेवतो. माशाला ही सोय नाही, म्हणून त्याचं सगळं काम आतल्या भिंगावर येतं आणि ते भिंग गोट्यासारखं गोल असतं. कालवणातल्या माशाच्या डोळ्यातून जो पांढरा कडक मणी निघतो, तो हाच. शिजल्यामुळे पांढरा झालेला.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले, त्याच्याकडे वळते. मल्या. तपकिरी, दंडगोल अंगाचा, बोथट तोंडाचा, कल्ल्याच्या वरच्या कोपऱ्यामागे एक काळा ठिपका असलेला मासा. शास्त्रीय नाव ‘गारा मुल्या’. यातला ‘मुल्या’ हा आपलाच शब्द आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णनं 1839 साली छापली, तेव्हा मराठी माणसं या माशाला जे म्हणत तेच त्याने लॅटिन नावात घातलं. महसीर माशाच्या आपल्याकडच्या जातीचं ‘खुद्री’ आणि दुसऱ्या एका माशाचं ‘कोलुस’ ही नावंही त्याच यादीतली. नद्यांकाठच्या कोळ्यांच्या तोंडचे शब्द जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर लिहिले गेलेत.

माझ्यापासून हातभर अंतरावर एका काळ्या गोट्याच्या उतारावर एक मल्या बसला होता. पाणी एवढं जोरात होतं की माझी कोपरं सटकत होती. तो मात्र जागच्या जागी. मध्येच तोंडाने शेवाळ खरवडायचा, बोटभर पुढे सरकायचा, पुन्हा चिकटायचा. तो जिथून गेला होता तिथे गोट्यावर खरवडल्याचे उजळ पट्टे उमटले होते. छातीजवळचे दोन्ही पर दगडावर पसरलेले आणि त्यांच्या कडा सतत थरथरत होत्या.

तो वाहून का जात नाही? याचं एक उत्तर फार लोकप्रिय आहे, आणि मीही अनेक वर्षं वर्गात तेच देत होते. वाहतं पाणी दगडाला टेकतं तिथे त्याचा वेग शून्य असतो. पंखा दिवसभर गरगर फिरतो तरी पात्यावर धूळ साचते ना, ती याच कारणाने. पात्याला लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, धुळीला वारा लागतच नाही. दगडावरही असाच संथ पाण्याचा पातळ थर असतो, त्याला सीमाथर म्हणतात. मल्या चपटा होऊन या थरात लपतो, असं ते उत्तर.

ऐकायला सुंदर आहे, पण आकडे घालून बघा. पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहतंय आणि गोट्याच्या पुढच्या कडेपासून मासा दहा सेंटिमीटर मागे बसलाय असं धरू. पाण्याच्या चिकटपणाला अंतराने गुणायचं, वेगाने भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि पाचाने गुणायचं. थराची जाडी येते साधारण दोन मिलिमीटर. वेग वाढला की तो आणखी पातळ होतो. खऱ्या ओढ्यात पाणी घुसळलेलं आणि दगड खडबडीत असल्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही, पण मिलिमीटरचे सेंटिमीटर काही होत नाहीत. आणि मल्याच्या पाठीची उंची? दीड सेंटिमीटर तरी. म्हणजे गुडघ्याएवढ्या भिंतीआड उभं राहून वाऱ्यापासून लपल्यासारखं झालं. मल्या सीमाथरात नसतो. त्याचं जवळजवळ सगळं अंग भर प्रवाहात असतं.

खरी अडचण पुढे आहे. खालून सपाट आणि वरून फुगीर अशा अंगावरून पाणी जातं तेव्हा पाठीवर त्याचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. वादळात छपरावरचे पत्रे उडतात ते वारा खालून ढकलतो म्हणूनच नव्हे, वरचा दाब उतरतो म्हणूनही. मल्याच्या पाठीवर हेच चाललेलं असतं. पाणी त्याला मागे ओढतं, तसंच वरही उचलतं. मी ढोबळ हिशेब केला. बोटाएवढ्या माशाला अर्धा मीटर वेगाच्या पाण्यात दोन-तीन ग्रॅम वजनाएवढा जोर वर खेचत असावा. दोन-तीन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पाण्यात माशाचं वजन जवळजवळ उरतच नाही. खाली दाबून धरायला त्याच्याकडे वजन नाही. आणि वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो.

त्यावर मल्याकडे दोन उपाय आहेत. एक म्हणजे ते पसरलेले पर. त्यांची पुढची कड खाली आणि मागची किंचित वर असते, त्यामुळे पाणी वर वळतं आणि मासा खाली दाबला जातो. नांगराचा फाळ ओढला की मातीत शिरतो, तसंच काहीसं. मुलांनी पालथा तळहात प्रवाहात तिरका धरून हे करून पाहिलं. पुढची कड खाली केली की हात तळाकडे जातो, वर केली की उसळतो. दुसरा उपाय हनुवटीखाली. खालच्या ओठामागे एक गोल चकती असते, मधोमध मांसल गादी आणि भोवती बारीक खरखरीत दाण्यांची कड. गादी किंचित वर ओढली की तिच्याखालचा दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी चकती दगडावर दाबून धरतं. चकती अर्ध्या सेंटिमीटरची असेल तर दाबात एक टक्क्याचा फरकसुद्धा दोन ग्रॅमची पकड देतो. वर हिशेब केला तोच आकडा! वेग दुप्पट झाला तर चार-पाच टक्के लागतील, तेही आवाक्यातलं. चकती ओठाच्या मागे असल्यामुळे चिकटून असतानाही तोंड खरवडायला मोकळं राहतं.

अलीकडे प्रदर्शनांत आणि मॉलमध्ये टाकीत पाय सोडून बसायचे पैसे घेतात, ते ‘डॉक्टर फिश’ म्हणजे याच मल्याचा तुर्कस्तानाकडचा भाऊबंद, गारा रुफा. सोरायसिस बरा होतो, रक्ताभिसरण सुधारतं, काय वाट्टेल ते सांगतात. मासा उपाशी असतो म्हणून मऊ पडलेली कातडी खातो, एवढंच. खरवडणं हे त्याचं पोट भरणं आहे, वैद्यकी नाही. एकाच टाकीत दिवसभर शेकडो पाय बुडतात आणि जिवंत मासा उकळून निर्जंतुक करता येत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी याच कारणाने त्यावर बंदी घातली आहे. पायाला जखम असेल किंवा मधुमेह असेल तर तिकडे फिरकूसुद्धा नका.

काठावर म्हशी घेऊन आलेले एक मामा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. ‘‘बाई, दगुड बगाय पाण्यात पडलायसा व्हय?’’ आणि मग, ‘‘तेवढं वरच्या डोहात जाऊ नका. आसरा हाईत तितं.’’ डोहाच्या काठी हळदकुंकू लावलेले सात दगड होते खरे. डोहात आम्ही गेलो नाही. पण का, तेही मुलांना तिथेच सांगितलं. साती आसरा कुणाला ओढत नाहीत. ओढतं ते वरून कोसळून तळाशी वळणारं पाणी, आणि बुडतो तो पोहता न येणारा. भीतीला खरं कारण असलं की पुढच्या वेळी कुठे उतरायचं आणि कुठे नाही हे स्वतःला ठरवता येतं. मामांना मी माझा मास्क दिला. त्यांनी गुडघे टेकून तोंड पाण्यात घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. वर आल्यावर म्हणाले, ‘‘मल्या! आमी ह्याला ल्हानपणी गेळाची फळं कुटून पाण्यात घालून धरत हुतो. असा बसतोय हे न्हवतं बगितलं.’’

परतताना अर्धा किलोमीटर खाली, रस्त्याचं काम चालू होतं तिथे पुन्हा उतरलो. तोच ओढा, तेवढंच पाणी, तसेच गोटे. पण गोट्यांवर तांबड्या मातीचा पातळ लेप बसलेला. बोट फिरवलं की रेघ उठत होती. गाळाखाली शेवाळ वाढत नाही, आणि गाळावर चकतीची कड बसत नाही. फटीतून पाणी आत शिरलं की दाबातला तो एक टक्का राहील कुठून? मुलांनी ओळीने चाळीस गोटे तपासले. दांडवणी होत्या, त्यांना दगड लागत नाही. मल्या एकही नव्हता.