‘कंट्रोल’च्या आधीची चार वर्षे

जॅनेट जॅक्सनचा ‘कंट्रोल’ ४ फेब्रुवारी १९८६ रोजी बाजारात आला तेव्हा ती १९ वर्षांची होती. हा तिचा पहिला अल्बम असल्यासारखेच त्याच्याबद्दल बोलले जाते. खरे तर तो तिसरा. आधीचे दोन का पडले हे पाहिल्याशिवाय तिसऱ्यात नेमके काय बदलले ते कळत नाही, आणि बदलले ते कपडे किंवा मुखपृष्ठ नव्हे.

१९८२ मध्ये जॅनेटचा ए अँड एम रेकॉर्ड्सशी करार झाला. तो वडिलांनी, जोसेफ जॅक्सन यांनी ठरवला होता. ती १६ वर्षांची होती आणि अमेरिकेच्या घराघरांत ओळखीची होती, पण गायिका म्हणून नाही. ‘गुड टाइम्स’ मालिकेतली पेनी, ‘डिफरंट स्ट्रोक्स’मधली शार्लीन, आणि त्याही आधी जॅक्सन भावंडांतली सर्वांत धाकटी, ही तिची ओळख. सप्टेंबर १९८२ मध्ये तिच्याच नावाचा पहिला अल्बम आला. त्यावर रेने मूर व अँजेला विनबुश, बॉबी वॉटसन, लिऑन सिल्व्हर्स असे एकाहून अधिक निर्माते होते. अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या ‘बिलबोर्ड’ यादीत तो ६३व्या क्रमांकापर्यंत गेला. ऑक्टोबर १९८४ मधला ‘ड्रीम स्ट्रीट’ १४७ वरच अडकला. त्यात भाऊ मार्लन होता, जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉटी होते, क्लिफ रिचर्डबरोबरचे द्वंद्वगीतही होते.

या दोन अल्बममध्ये आवाज वाईट नाही. गोड आहे, सुरात आहे. पण गाणे दुसऱ्या कुठल्याही मुलीच्या तोंडी घातले असते तरी काही बिघडले नसते. किशोरवयीन कलाकाराच्या ध्वनिमुद्रणाची तेव्हाची सर्रास रीतच तशी होती: निर्माता गाणे तयार करून आणतो, वाद्यांचा ट्रॅक आधी होतो, पट्टी ठरून गेलेली असते, आणि मग गायिकेला बोलावतात. ती आली, गायली, गेली. पट्टी उंच असेल तर कोवळा, हलका आवाज वरच्या सुरांत आणखी पातळ होतो. मग तो भरीव वाटावा म्हणून प्रतिध्वनी वाढवतात, त्यात शब्दांची धार जाते. उरते ती गोडी. सोळाव्या वर्षी ती चालून जाते, अठराव्या वर्षी ऐकणाऱ्यालाच कंटाळा येतो.

‘ड्रीम स्ट्रीट’मधली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यातली दोन गाणी, ‘प्रिटी बॉय’ आणि ‘फास्ट गर्ल्स’, जेसी जॉन्सन याने केली होती. हा अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या ‘द टाइम’ या बँडचा गिटारवादक. पुढे ‘कंट्रोल’ घडवणारे जिमी जॅम आणि टेरी लुईस याच बँडचे, आणि ‘कंट्रोल’मधले ‘द प्लेझर प्रिन्सिपल’ लिहिणारा व त्याची निर्मिती करणारा माँटी मोइरही तिथलाच. म्हणजे मिनियापोलिसचा बाज जॅनेटला १९८४ मध्येच मिळाला होता, आणि तरीही अल्बम पडला. नवा आवाज आणला की गायिका आपोआप मोठी होते, हा समज इथेच खोटा ठरतो.

घरात एक नमुना मात्र डोळ्यांसमोर होता. मायकेलने १९७८ मध्ये घरच्या घरी ‘डोन्ट स्टॉप टिल यू गेट इनफ’चे कच्चे मुद्रण केले तेव्हा तालाच्या साथीला भाऊ रँडी आणि जॅनेट होती, ती साधारण १२ वर्षांची. पुढच्या वर्षी त्याचा ‘ऑफ द वॉल’ हा अल्बम आला. क्विन्सी जोन्स हा निर्माता मायकेलने स्वतः निवडला होता, आणि २१ पूर्ण झाल्यावर त्याने स्वतःचा वकील नेमून वडिलांकडचा कारभार हळूहळू आपल्या हाती घेतला. त्याहून आधी, मे १९७१ मध्ये, गायक स्टीव्ही वंडरनेही २१वे वर्ष पूर्ण होताच मोटाउन या रेकॉर्ड कंपनीशी नव्याने वाटाघाटी केल्या आणि गाण्यांवरचा ताबा मिळवला. दोन्ही वेळा आधी कागदावरचे हक्क हलले, मग संगीत हलले. जॅनेटकडे तोवर यातले काहीच नव्हते.

सप्टेंबर १९८४ मध्ये, १८ पूर्ण होऊन चार महिने होतात न होतात तोच, तिने गायक जेम्स डीबार्जशी पळून जाऊन लग्न केले. पुढच्याच वर्षी ते रद्दबातल झाले. ती घरी परतली, पण पुन्हा वडिलांच्या शब्दावर चालायची तिची तयारी उरली नव्हती. ए अँड एममध्ये जॉन मॅक्लेन हा कलाकार आणि निर्माते यांची सांगड घालणारा अधिकारी होता. त्याने जॅम आणि लुईस यांना विचारले.

या दोघांची स्वतःचीही एक कथा आहे. १९८३ मध्ये ते ‘द टाइम’बरोबर दौऱ्यावर असतानाच अटलांटात ‘एसओएस बँड’चे काम करत होते. हिमवादळामुळे विमान चुकले, सॅन अँटोनियोचा कार्यक्रम हुकला, आणि ‘द टाइम’ उभा करणाऱ्या गायक प्रिन्सने दोघांना काढून टाकले. त्या कामातले ‘जस्ट बी गुड टू मी’ मात्र गाजले. आपल्या मर्जीने काम करण्याची किंमत दोघांनी मोजलेली होती, त्यामुळे जॅनेटचे दुखणे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

त्यांची मुख्य अट जागेची होती. मुद्रण लॉस एंजेलिसला वडिलांच्या नजरेखाली नव्हे, मिनियापोलिसला त्यांच्या ‘फ्लाइट टाइम’ स्टुडिओत होणार. सोबत अंगरक्षक नाहीत, लवाजमा नाही. जॅनेट एका मैत्रिणीला घेऊन आली. १९८५च्या उन्हाळ्याच्या अखेरीस काम सुरू झाले. सुरू झाले म्हणजे काय, पहिले काही दिवस मुद्रण झालेच नाही. तिघे गाडीतून फिरले, सिनेमा पाहिला, गप्पा मारल्या. घरचे, लग्नाचे, वडिलांचे विषय निघत गेले. शेवटी तिनेच विचारले की काम कधी सुरू करायचे? तेव्हा दोघांनी ‘कंट्रोल’चे शब्द तिच्यापुढे ठेवले. आपण इतके दिवस जे बोलत होतो तेच कागदावर उतरले आहे हे तिच्या लक्षात आले, आणि आपण बोलू त्यावरच गाणी होणार हेही.

श्रेयनामावली पाहिली तर याचा पुरावा मिळतो. नऊपैकी सात गाण्यांच्या लेखनात तिचे नाव आहे आणि बहुतेक गाण्यांच्या सहनिर्मितीतही. उरलेली दोन माँटी मोइर आणि स्पेन्सर बर्नार्ड यांची. एकोणिसाव्या वर्षी ही नावे लागणे म्हणजे केवळ मान नव्हे. लेखनातल्या वाट्यावर रॉयल्टी ठरते, आणि शब्द बदलायचा की नाही हेही.

‘नॅस्टी’ हे या अल्बमचे मर्म. हॉटेलबाहेर काही पुरुष तिच्या मागे लागले, घाणेरडे बोलले. ती निर्मात्यांकडे धावत गेली नाही, स्वतः उभी राहिली. त्यातून हे गाणे आले. आपल्याला कोणी कशी हाक मारायची, हे ती त्यात बजावून सांगते.

त्याचा सांगाडा एन्सॉनिक कंपनीच्या ‘मिराज’ या यंत्रावर उभा राहिला. मिराज १९८५च्या सुमाराला १,६९५ डॉलरला मिळू लागला. तोवर ‘फेअरलाइट’सारखी आवाज मुद्रित करून कीबोर्डवर वाजवणारी यंत्रे वीस-पंचवीस हजार डॉलरच्या पुढे जात. मिराज चालू केला की आत काहीच नसते. साडेतीन इंची फ्लॉपी घालावी लागते, मग आवाज येतात. आठ बिटचे हे यंत्र आवाजाच्या चढउताराच्या फक्त २५६ पायऱ्या ओळखते. मोठ्या आवाजात ते जाणवत नाही, पण आवाज विरत जाताना पायऱ्या उरतात मोजक्याच, आणि एक खरखर ऐकू येते. पियानोसाठी ही खोड जीवघेणी. लोखंडावर लोखंड आपटल्यासारख्या ठोक्याला मात्र तीच धार देते. जॅमने कंपनीने यंत्राबरोबर दिलेल्या तयार आवाजांतूनच गाण्याचा पाया रचला.

दुसरी गंमत ठेक्यात आहे. समजा मिनिटाला १०० मात्रा आहेत. मग एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. तिचे चार सारखे भाग केले तर ठोके ०, १५०, ३०० आणि ४५० वर पडतात. हा सरळ, यंत्रासारखा ठेका. झुलत्या ठेक्यात पहिला आणि तिसरा ठोका जागच्या जागी राहतो, दुसरा आणि चौथा उशिरा येतो. पूर्ण तिश्र अंगाने, म्हणजे अर्ध्या मात्रेचे तीन सारखे भाग धरून, झुलवला तर ते २०० आणि ५०० वर जातात. आपल्याकडे तबलजी केरव्याला झोल देतात, त्याच जातीची ही गोष्ट. चूक होते ती इथे: झांजेला झोल दिला आणि बास सरळ ठेवला, तर एकाच वेळी पडायला हवेत अशा दोन ठोक्यांत ५० मिलिसेकंदांची फट पडते, आणि कानाला तो झोल न वाटता चुकलेला ठोका वाटतो. ‘नॅस्टी’त सगळे घटक एकत्र झुलतात, म्हणूनच इतका कडक आवाज असूनही अंग हलते. काही वर्षांनी ‘न्यू जॅक स्विंग’ नावाची जी झुलत्या ठेक्याची शैली गाजली तिची चाहूल इथे लागते.

एवढ्या दणक्यापुढे पातळ आवाज टिकवायचा कसा? ओरडायला लावून नव्हे. जॅनेट खालच्या सुरांत, अर्धवट बोलल्यासारखी, माइकच्या जवळून गाते. बास खाली, झांज वर, आणि मधली मोकळी जागा आवाजाला. जिथे भरीवपणा हवा तिथे तिच्याच आवाजाचे थर चढवले आहेत. या थरांत व्यंजने काटेकोर जुळावी लागतात. शेवटचा ‘स’ एका थरात जरा आधी आणि दुसऱ्यात नंतर आला तर फसफस ऐकू येते, म्हणून पुष्कळदा एकाच थरात ‘स’ ठेवून बाकीच्यांत तो गिळतात. आणि बोलण्याचा ठसका तर ती लहानपणापासून कॅमेऱ्यापुढे शिकलेली होती. आधीच्या निर्मात्यांनी तिच्यातली गायिका शोधली, या दोघांनी अभिनेत्रीही ऐकली.

‘लेट्स वेट अव्हाइल’कडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. बालकलाकार मोठी झाली हे दाखवायचे तर शरीरसुखाचे गाणे द्यायचे, हा धंद्यातला पाठ. त्याच्या जवळ जाणारे कुजबुजते गाणे या अल्बमच्या अगदी शेवटी आहेही. पण त्याच्या लगेच आधी ती जोडीदाराला ‘थोडे थांबू या’ म्हणते. थांबायचे हेही तीच ठरवते, आणि म्हणून ते मोठ्या माणसाचे गाणे आहे. अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकावर गेले.

अल्बम पूर्ण झाला असे वाटत असताना मॅक्लेनने आणखी एक जलद गाणे मागितले. जॅम आणि लुईस स्वतःच्या अल्बमसाठी काही ट्रॅक करत होते. ते ऐकताना त्याने त्यातला एक उचलला. तेच ‘व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली’, अल्बममधून सर्वांत आधी आलेले एकल गाणे. चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. पॉला अब्दुल या नृत्यदिग्दर्शिकेने बसवलेल्या नृत्यांमुळे चित्रफिती गाजल्या. जुलै १९८६ मध्ये अल्बम अव्वल ठरला, ऑक्टोबरात ‘व्हेन आय थिंक ऑफ यू’ हे तिचे पहिले अव्वल गाणे झाले. एकूण पाच गाणी पहिल्या पाचांत पोचली. जॅम आणि लुईस यांना वर्षातील सर्वोत्तम निर्मात्यांचे ग्रॅमी मिळाले. वडील तोवर तिचे व्यवस्थापक राहिले नव्हते.

नंतरच्या अनेकांनी यातला वरवरचा भाग घेतला. मॉलमध्ये गाऊन प्रसिद्ध झालेल्या टिफनीचा पहिला अल्बम १९८८ मध्ये अव्वल होता. १९९० मध्ये निर्माता आणि बाज बदलून आणलेला ‘न्यू इनसाइड’ फसला. लहानपणीच गाजलेल्या डॉनी ऑस्मंडची अडचण वेगळीच होती: १९८९ मध्ये ‘सोल्जर ऑफ लव्ह’ काही रेडिओ केंद्रांनी गायकाचे नाव न सांगता वाजवले, आणि गाणे दुसऱ्या क्रमांकावर गेले. आवाज लोकांना चालत होता, जुन्या नावाची छाप मात्र पुसली गेली नव्हती.

जॅनेटच्या बाबतीत कंपनीला पुढे ‘कंट्रोल’चीच दुसरी आवृत्ती हवी होती. तिने ती दिली नाही. जॅम आणि लुईस यांच्याबरोबर ती पुन्हा मिनियापोलिसला गेली, आणि सप्टेंबर १९८९ मध्ये वंशभेद, निरक्षरता आणि व्यसन यांवरची गाणी घेऊन ‘रिदम नेशन १८१४’ आला.