स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरमधील सैल होणारा इजेक्टर रॉड : पार्श्वभूमी

जुन्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर (काडतुसांचे फिरते नळकांडे) कळ सरकवूनही उघडत नसेल, तर जाणकार कारागीर सर्वप्रथम इजेक्टर रॉड, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा, सैल झाला आहे का, हे पाहतो. हा दोष बहुधा मालकाच्या हयगयीमुळे उद्भवतो असे मानले जाते. परंतु या दांड्याचा इतिहास पाहिला, तर त्याचे मूळ मुख्यतः रचनेतच सापडते.

अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या या कंपनीने १८७० च्या दशकात मधोमध बिजागरीवर वाकून उघडणारी रिव्हॉल्व्हरे विकली. ती उघडताच रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर पडत. १८९६ मध्ये तिने डावीकडे उघडणाऱ्या सिलिंडरचे ‘हँड एजेक्टर’ आणले, आणि पुंगळ्या काढण्यासाठी दांडा हाताने दाबावा लागू लागला. १८९९ मध्ये .३८ बोअरचे ‘मिलिटरी अँड पोलीस’ आले. नेमबाजाच्या बाजूने पाहता या रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे ज्या बाजूला ते उघडते त्याच बाजूला, फिरते. १९०२ मध्ये नळीखाली एक खिटी बसवून दांड्याचे पुढचे टोकही पकडून ठेवण्याची सोय झाली. सिलिंडर दोन्ही टोकांना धरले गेल्याने ते भक्कम झाले, आणि हा निर्णय योग्यच होता.

अडचण आट्यांची होती. दांड्याला नेहमीचे उजवे आटे होते. पुढच्या खिटीशी होणारे घर्षण दांड्याला किंचित मागे रोखते, सिलिंडर मात्र पुढे फिरत राहते. त्यामुळे प्रत्येक बाराबरोबर दांड्यावर येणारा पीळ नेमका आटे सोडवण्याच्या दिशेचा असतो. दांडा थोडा जरी बाहेर आला, तरी तो पुढच्या खिटीत अधिक खोल शिरतो, कळ सरकवल्यावर पुढे जाणारी त्याच्या आतली मधली पिन त्याच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, खिटी पुढे ढकलली जात नाही आणि सिलिंडर बंदच राहते. आत जिवंत काडतुसे असतील, तर हा प्रसंग गंभीर ठरतो.

कंपनीने १९५९ ते १९६१ च्या सुमारास निरनिराळ्या मॉडेलांत हे आटे डावे केले. सायकलच्या डाव्या पॅडलला उलटे आटे असतात, तसाच हा उपाय: जो पीळ पूर्वी दांडा सोडवत होता, तोच आता तो घट्ट करू लागला. मॉडेल क्रमांक १९५७ पासून दिले जाऊ लागले, आणि अशा बदलांनंतर त्या क्रमांकापुढे आडवी रेघ देऊन जोडअंक येऊ लागला. म्हणून ज्या रिव्हॉल्व्हरवर मॉडेल क्रमांकच नाही, त्याचे आटे उजवे समजावेत. क्रमांक असेल तर त्याचा जोडअंक पाहिल्याशिवाय दांड्याला हात लावू नये. चुकीच्या दिशेने जोर दिल्यास आटे कापले जातात, आणि सिलिंडर रिकामे ठेवून पिळल्यास मागच्या चांदणीच्या आकाराच्या एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या उचलणाऱ्या भागाच्या) बारीक पिनांवर सगळा ताण येतो. म्हणूनच कारागीर कप्प्यांत रिकाम्या पुंगळ्या भरून मगच दांडा आवळतात.

आट्यांवर सौम्य प्रतीचा लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारे चिकट द्रव्य) लावण्याची पद्धत त्यानंतरची. हवा न मिळाल्यास घट्ट होणारे हे द्रव्य व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हार्टफर्ड येथे तयार केले. त्याचा एक थेंब पुरतो. मात्र आटे आधी तेलविरहित करावे लागतात, नाहीतर तो धरत नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, त्यामुळे हे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे.